तलफ, येन आणि माळव्याची अफू

इंग्रजीत 'येन' म्हणून एक इवलासा शब्द आहे. कुणाला आइस्क्रीमचं येन असतं, कुणाला समुद्राकाठी जाऊन राहण्याचं. सध्या मी जी कथा मराठीत आणतेय, तिच्यातल्या बाईला ऐन मध्यरात्री लोणच्याचं येन येतं. 'तीव्र इच्छा' लिहून पाहिलं, अगदीच कोरडं वाटलं. 'ओढ' त्या लोणच्याला फार हळवी झाली. 'हौस' तर नाहीच, हौस सवडीने होते. मग 'तलफ' लिहिलं आणि वाक्य जागेवर बसलं. का बसलं, हे 'येन'चं मूळ शोधायला गेले तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाहीये.

जपानी चलनाशी या येनचा काही संबंध नाही. त्या येनचा अर्थ 'गोल'. इंग्रजीतला 'यर्न', म्हणजे आसुसणं, हाही कानाला जवळचा वाटतो, पण तो जुना जर्मानिक शब्द, त्याचं घराणं वेगळं. आपला येन आला दक्षिण चीनमधल्या कँटनीज बोलीतून. तिथे 'यीन' म्हणजे धूर, अफूचा धूर, आणि 'यान' म्हणजे त्याची तलफ. दोन्ही मिळून 'यीन-यान'. हा 'यान' चिनी लिपीत लिहितात तेव्हा बाहेरच्या बाजूला आजारपणाची खूण असते आणि आत 'लपलेलं' अशा अर्थाचं अक्षर. आतलं अक्षर खरं तर उच्चारासाठी घेतलेलं आहे, हे मला माहीत आहे. तरीही आजाराच्या आत काहीतरी लपून बसलंय, असंच मला ते दिसतं.

इंग्रजीत तो शिरला कॅलिफोर्नियात. सोन्याच्या शोधात आणि पुढे 1860च्या दशकात रेल्वे बांधायला दक्षिण चीनमधून हजारो पुरुष तिकडे गेले. बायकामुलं गावी. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रूळ टाकायचे, पगार गोऱ्या मजुरापेक्षा कमी. त्यांच्यातल्या काहींची संध्याकाळ अफूच्या नळीवर जायची. सॅन फ्रान्सिस्कोने 1875 मध्ये अफूच्या अड्ड्यांवर बंदी आणली, 1882 मध्ये तर चिनी मजुरांना देशात यायलाच कायद्याने मज्जाव झाला. याच सुमाराला त्यांचा शब्द अमेरिकन बोलीत 'येन-येन' होऊन फिरू लागला. विसावं शतक उजाडल्यावर अफू गळून पडली, उरलं नुसतं 'येन'. माणसं नकोत, शब्द चालेल, असा तो व्यवहार. मला याचा अजूनही राग येतो.

पण ती अफू यायची कुठून? ओढायची तयार अफू अमेरिकेत जायची मुख्यतः हाँगकाँगहून, आणि तिथे शिजवली जाणारी कच्ची अफू बहुतांशी हिंदुस्थानची. बिहार-बनारसकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र कंपनीच्या हातात नव्हती. ती पिकायची होळकर-शिंद्यांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात. मी इंदूरची, म्हणून हे वाचताना नुसतं वाचून पुढे जाता आलं नाही. ही अफू आधी राजस्थानातलं पाली, मग कराची करत पोर्तुगीजांच्या दमणला चोरवाटेने जायची. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बुजली आणि जवळजवळ सगळा माल मुंबई बंदरातून जाऊ लागला. पेटीमागे कंपनीचा कर. मुंबईत या धंद्यावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. ज्यांच्या नावाने जे. जे. रुग्णालय आहे, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही कापसाबरोबर चीनच्या अफूचा मोठा वाटा होता. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दवाखान्यात आजवर लाखो लोक बरे झाले, हेही तितकंच खरं.

पलीकडच्या किनाऱ्यावर 1839 मध्ये लिन झेश्यू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या. एकेक पेटी सुमारे 60 किलोची. हूमेन इथे खड्डे खणून, त्यात पाणी, मीठ आणि चुना घालून ती सगळी अफू विरघळवली आणि समुद्रात सोडली. त्याआधी त्याने समुद्राच्या देवतेची लेखी क्षमा मागितली, की हे विष तुझ्यात सोडतोय. त्या पेट्यांत माळव्याचा मालही होता. पुढचं इंग्रज-चीन अफूचं युद्ध आणि ते संपवणारा 1842चा नानकिंगचा तह शाळेत एका ओळीत शिकवतात. मला ती क्षमा जास्त लक्षात राहते.

माळव्यात मंदसौरकडे अफूची शेती आजही होते, सरकारी परवान्यावर, औषधांसाठी. फेब्रुवारीत गेलात तर पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या गळून हिरवी बोंडं उभी दिसतात. तिकडे त्यांना डोडे म्हणतात. दुपारी डोड्याला बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा. पाझरताना दुधासारखा असलेला तो चीक सकाळपर्यंत तपकिरी झालेला असतो. शेतावर जाळ्या लावतात, कारण पोपट येऊन डोडेच्या डोडे तोडून नेतात. त्यांनाही चटक लागते, असं शेतकरी सांगतात. याच डोड्यातली खसखस आपण अनारशाला लावतो, ती मात्र बिचारी निरुपद्रवी.

मराठीने अफूसाठी 'अंमल' हा शब्द किती नेमका ठेवलाय! अफूचा अंमल चढतो आणि इंग्रजांचा अंमलही येतो. दोन्हीला एकच शब्द, मुळात अरबी. चीनच्या किनाऱ्यावर तर हे दोन्ही अंमल एकाच जहाजातून उतरले.

माझ्या कथेतल्या बाईला यातलं काही ठाऊक नाही, तिला फक्त लोणचं हवंय. संपादकांनी 'तलफ'च्या जागी 'लहर' सुचवलंय, वाचायला गोड वाटेल म्हणून. मी त्यांना कळवलंय की तलफच राहू द्या. लहर येते आणि जाते. तलफ आली की माणूस अंथरुणातून उठतो, अंधारात बरणी शोधतो, आणि ती बाई पुढच्याच वाक्यात नेमकं तेच करते.