फोटो समोर ठेवून, पण फोटोसारखं नाही

मी काढलेल्या पोर्ट्रेटवर "अगदी फोटोच वाटतोय गं!" अशी कमेंट आली की मी हात जोडलेला इमोजी टाकते आणि आतून जरा खट्टू होते. कारण फोटोच हवा होता तर तो होताच की फोनमध्ये, रंगीत, झूम करता येणारा, मग संध्याकाळभर कोळशाने हात काळे करून मी नेमकं काय मिळवलं? लोक कौतुकानेच म्हणतात, मला माहितीये, पण पोर्ट्रेटबद्दल बोलायचं तर ही दाद थोडी घोळाचीच आहे.

आधीच सांगते, फोटो वापरणं म्हणजे चीटिंग असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी तासन्‌तास बसणार कोण? घरातल्या माणसाला बसवलं तर पाच मिनिटांत "झालं का?" सुरू होतं, आणि मग मान हलते, मोबाईल वाजतो, कुकरची शिट्टी होते. शिवाय मोठमोठ्या लोकांनी फोटो वापरलेत, फ्रेंच चित्रकार देगासने वापरले, आपल्याकडे राजा रविवर्म्याने वापरले. प्रश्न फोटो वापरण्याचा नाहीच, फोटोकडून काय घ्यायचं आणि काय त्याला ठरवू द्यायचं नाही, एवढाच आहे.

मला हे नीट कळलं ते मामामुळे. माझा मिरजेचा मामा, एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर झालाय. अत्यंत बोलका माणूस, एखादी गोष्ट सांगायला लागला की हात, मान, भुवया सगळं कामाला लागतं. आणि कॅमेरा दिसला रे दिसला की हा माणूस गायब! ताठ बसतो, ओठ मिटतो आणि ओळखपत्रावरचा चेहरा करतो. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठलाही फोटो काढा, सगळीकडे तोच सरकारी चेहरा. म्हणजे मामाचे फोटो ढीगभर, पण एकातही मामा नाही. त्यातला सगळ्यात शार्प फोटो घेऊन तो जसाच्या तसा काढला असता तर नाक-डोळे बरोबर आले असते आणि चित्रात भलताच कुणीतरी बसला असता. कॉपी करायची सोयच नव्हती, हे एका अर्थी बरं झालं.

आता फोटो खोटं कसं बोलतो ते बघा, कारण ते माहीत नसलं की आपण त्याची खोटी साक्ष इमानाने उतरवून घेतो. सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात ना, त्याचा दोष आपण लेन्सला देतो, पण खरं कारण अंतर आहे. फोन हाताच्या अंतरावर असतो, म्हणजे साधारण अर्धा मीटर, तेवढ्यात नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं म्हणून ते फुगतं. दीड-दोन मीटर मागे जाऊन थोडं झूम करून काढलात तर तोच चेहरा जागेवर येतो. दुसरं म्हणजे एचडीआर. फोन आपल्या भल्यासाठी सावल्या उजळून टाकतो आणि उजेड दाबतो, सगळं कसं छान स्पष्ट, आणि चेहऱ्याची हाडं ज्या सावलीत दिसतात ती सावलीच जाते. समोरून फ्लॅश मारला तर विचारूच नका. ब्यूटी मोडबद्दल मी काही बोलत नाही, साठीच्या माणसाचे गाल चिनी मातीच्या कपासारखे कोणाला हवे असतात देव जाणे.

मामाच्या बाबतीत तर फोनने एक गोष्ट साफ पुसली होती. आयुष्यभर उजव्या बाजूच्या खिडकीशी बसून गाडी चालवल्यामुळे त्याचा उजवा हात आणि उजवा गाल डाव्यापेक्षा चांगलाच काळवंडलाय. समोर बसलात की दिसतं, फोटोत अजिबात दिसत नाही, सगळा चेहरा एका रंगाचा. मला हे आठवलं आणि मी ठरवलं की चित्रात उजवी बाजू गडद जाणार, फोटो काहीही म्हणो.

मग मी केलं काय, तर एकच फोटो न घेता बरेच गोळा केले. ओळखपत्रवाले फोटो कान, कपाळाची रेषा, दोन डोळ्यांतलं अंतर वगैरे हिशेबासाठी चांगले असतात, ते ठेवले. भाचीच्या लग्नात कोणीतरी काढलेला एक हललेला फोटो होता, त्यात मामा केटररवर ओरडतोय, चेहरा पार धूसर पण मानेची शीर आणि खांद्याचा झोक काय सुंदर! आणि सगळ्यात कामाचा निघाला एक व्हिडिओ, गणपतीत मामा करूळ घाटात गाडी बंद पडल्याची गोष्ट सांगत होता तेव्हा मामीने काढलेला. तो थांबवत थांबवत बघायचा. दोन शब्दांच्या मधे जे चेहरे पकडले जातात ते दिसायला वेडेवाकडे असतात, तोंड अर्धं उघडं, एक डोळा बारीक, फोटो म्हणून कोणी ठेवणार नाही, पण माणूस तिथेच सापडतो. मामाची एक लकब मला तिथेच दिसली, महत्त्वाचं काही बोलायच्या आधी तो हनुवटी किंचित वर करून डोळे तिरके करतो, बसच्या आरशात मागचे पॅसेंजर बघितल्यासारखे. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

पण अनेक फोटो एकत्र करताना एक पथ्य पाळाच, उजेड एकाच ठिकाणचा. डावीकडून उजेड असलेल्या फोटोतलं नाक आणि ट्यूबलाइटखालच्या फोटोतले डोळे एका चेहऱ्यावर बसवले की काहीतरी बिनसतं, बघणाऱ्याला सांगता येत नाही काय ते, पण चेहरा चिकटवलेला वाटतो. मी दुपारच्या दारातला उजेड धरला, बाकी सगळ्या फोटोंमधून फक्त आकार घेतले आणि सावल्या मनाने टाकल्या. यासाठी डोक्याचे पृष्ठभाग कुठे वळतात ते माहीत असावं लागतं. आसारो हेड म्हणून एक पैलू पाडलेलं डोकं असतं, त्याची थ्रीडी मॉडेल्स मिळतात, ती फिरवून उजेड बदलून बघत बसा, टीव्हीपेक्षा बरी करमणूक आहे.

आता खरी मजा. फोटो दोन-तीन मिनिटं टक लावून बघायचे आणि मग फोन पालथा घालायचा आणि आठवणीतून काढायचं, अगदी लहान, काड्यापेटीएवढं, दोनच टोनमध्ये, काळा आणि कागद. हे काही माझं डोकं नाही, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे एक मास्तर होते, ते विद्यार्थ्यांकडून असंच आठवणीतून चित्र काढायची तालीम करून घ्यायचे, शिल्पकार रोदँ त्यांच्याच हाताखाली शिकला. यात होतं काय की जे तुम्हाला भिडलेलं असतं तेवढंच उरतं आणि बाकीचं आपोआप गळून जातं. माझ्या त्या चिटुकल्या चित्रांत हनुवटी, एक वर गेलेली भुवई, मानेची शीर आणि उजवीकडचा काळोख एवढंच येत राहिलं, शर्टाचा खिसा, चष्म्याची फ्रेम, मागचं कॅलेंडर काहीही आलं नाही. मग ते मोठ्या कागदावरही कशाला काढायचं? फोटोत आहे म्हणून? चष्मा मी चक्क काढून टाकला, मामीने नंतर विचारलंच की चष्मा कुठे गेला.

मोठं चित्र कार्ट्रिज पेपरवर केलं, कोळसा आडवा धरून आख्खा कागद राखाडी केला, कापडाने पुसला आणि मळायच्या खोडरबराने उजेड उचलत गेले. या पद्धतीचा फायदा असा की आउटलाइन काढायचा मोह होत नाही, चेहरा अंधारातून हळूहळू वर येतो. फोन तेव्हा दुसऱ्या खोलीत. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कान किती लांब, असा एखादा प्रश्न अडला की उठायचं, बघायचं, परत यायचं. फोन शेजारी उघडा असला की हात आपोआप सगळं उतरवायला लागतो, सुरकुती न सुरकुती, अन् मग तासाभराने बघावं तर सगळं सारख्याच जोरात काढलेलं. म्हणून चालत जाण्याचा त्रास मुद्दाम ठेवलाय.

व्हिडिओत मामाची मान जेवढी तिरकी होती त्याहून मी जास्त तिरकी केली आणि गळा थोडा लांबवला. हे व्यंगचित्र नव्हे हं, तिथे नाक किंवा कान वाढतो, इथे वाढवायची ती देहबोली. आणि डाव्या गालाची कड मी कागदात विरघळू दिली, काढलीच नाही. फोनच्या फोटोत कानापासून कॉलरपर्यंत सगळ्या कडा सारख्याच धारदार असतात, आपण माणसाकडे बघतो तेव्हा तसं दिसत नाही, आपण त्याच्या डोळ्याकडे बघतो आणि बाकीचं अंदाजाने असतं.

फोटोला असा वाकवून वापरणाऱ्यांत माझा आवडता म्हणजे विसाव्या शतकातला चित्रकार फ्रान्सिस बेकन. माणूस समोर बसलेला असला की बेकनला अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून मित्रमैत्रिणींचे फोटो तो जॉन डीकिन या फोटोग्राफरकडून काढवून घ्यायचा आणि ते फोटो स्टुडिओत फाटके, चुरगळलेले, रंगाचे डाग पडलेले पडून असायचे. वेलास्केझ या जुन्या स्पॅनिश चित्रकाराने काढलेल्या पोपच्या पोर्ट्रेटवरून त्याने ती प्रसिद्ध किंचाळणारी चित्रं केली, त्यातलं सगळ्यात गाजलेलं १९५३चं, तीसुद्धा छापील चित्रांवरून. मूळ चित्र रोममध्ये आहे, पुढे रोमला जाऊनही तो ते बघायला गेला नाही म्हणतात. मला तो हट्टीपणा फार पटतो.

आणि हे सगळं वाचून कोणी ग्रिडला शिव्या घालायला लागेल तर थांबा. चौकोन आखून काढताना चेहरा दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात, हे खरंय, मी आता वापरत नाही. पण फ्लेक्स यायच्या आधी मुंबईत सिनेमाची बॅनर्स रंगवणारे पेंटर काय करायचे? छोट्याशा स्टिल फोटोवर चौकटी आखून तो चेहरा वीस-तीस फुटांवर न्यायचे, म्हणजे आकार चक्क कॉपी. आणि मग त्यावर लाल, हिरवा, जांभळा असे रुंद फटकारे मारायचे की हिरोचा राग रस्त्याच्या पलीकडून बसमधल्या माणसाला दिसावा. हुसेनसुद्धा सुरुवातीला तीच कामं करायचे. म्हणजे आकार फोटोचा घेतला तरी रंग, जोर आणि काय ओरडून सांगायचं ते पेंटरचं. माझ्या मते आजच्या कित्येक गुळगुळीत पेन्सिल पोर्ट्रेट्सपेक्षा त्या बॅनरमध्ये जास्त जीव होता, कोणाला राग आला तर येवो.

एक रुक्ष मुद्दा पटकन. पिंटरेस्टवरचा फोटो हा कोणीतरी काढलेला असतो. आपल्याकडे फोटोचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं चालतो. सरावाला काहीही काढा, पण विकायचं, छापायचं म्हटलं की परवानगी घ्या. लिन गोल्डस्मिथने १९८१ साली काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार वॉरहॉलने चित्रं केली होती, त्यातलं एक त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या फाउंडेशनने मासिकाला वापरायला दिलं म्हणून वाद झाला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने फोटोग्राफरच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलचं हे तर आपली काय कथा. स्वतः फोटो काढा, कटकटच नको.

मामाला चित्र दाखवलं तर तो म्हणाला, "केस जरा जास्त दाखवायचेस की गं." मामी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आता हा डिझेलचा भाव सांगणार बघ." मला एवढं पुरे आहे. आता मामीचं करायचंय आणि तिथे अडचण उलटी आहे, घरातले सगळे फोटो तीच काढते त्यामुळे तिचा धड एकही नाही. दिवाळीत मिरजेला गेले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी गाठणार तिला, फ्लॅश बंद, दोन मीटर लांबून, आणि व्हिडिओ आधी सुरू करून मग मामाचा विषय काढणार.