नेब्रास्कातली १६० एकर: डॅनियल फ्रीमनच्या शेतावर एक दिवस

शिकागोहून डेन्व्हरला गाडीने जाणारे बहुतेक जण नेब्रास्का हे राज्य झोपेत पार करतात. त्यांनी लिंकन शहरापाशी महामार्ग सोडावा आणि ७७ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला चाळीसेक मैल जावं. बिॲट्रिस गाव लागतं. गावाच्या पश्चिमेला चार मैलांवर, कब क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. प्रवेश फुकट.

ही जमीन डॅनियल फ्रीमनची. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने मे १८६२ मध्ये होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, घर बांधायचं, पाच वर्षं कसायची, आणि मग ती आपल्या नावावर. खर्च दप्तर-फीचा, सगळा मिळून १८ डॉलर. कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. फ्रीमन तेव्हा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने होता आणि त्याला तातडीने परतायचं होतं. म्हणून ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीतल्या माणसाला गळ घालून त्याने मध्यरात्र उलटताच अर्ज नोंदवला, अशी कथा सांगतात. अर्ज क्रमांक १. त्या दिवशी देशभर आणखीही बऱ्याच जणांनी अर्ज केले होते, त्यामुळे ‘पहिला’ या बिरुदावर मी फार वेळ घालवणार नाही. तुम्हीही घालवू नका. माणूस त्यापुढे जास्त रंगतदार आहे.

त्याचा जन्म १८२६ चा, ओहायोतला. त्याचा भाऊ जेम्स युद्धात मरण पावला. जेम्सचं लग्न आयोवातल्या ॲग्नेस सूटरशी ठरलं होतं. त्या दुःखात डॅनियल आणि ॲग्नेस यांची पत्रापत्री सुरू झाली, मागणीही पत्रातूनच घातली गेली आणि १८६५ मध्ये लग्न झालं. ती त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान. ज्या जमिनीला सगळे फ्रीमनची म्हणतात, ती तिनेही तितकीच राखली, आणि त्याच्यानंतर वीसहून जास्त वर्षं ती जगली.

हेरिटेज सेंटर आधी बघा. इमारतीचं छप्पर नांगराच्या फाळासारखं वर उचललेलं आहे, आणि बाहेरचा वाहनतळ मुद्दाम बरोबर एक एकराचा ठेवलाय. आपल्या हिशोबात चाळीस गुंठे. गाडी लावल्यावर त्याच्या कडेने एक फेरी मारा आणि मनात १६० ने गुणा. मग एका कुटुंबाने बैल आणि फावड्याच्या जोरावर काय अंगावर घेतलं होतं ते कळतं. आत या कायद्याखाली जमीन मिळालेल्या शेवटच्या माणसाचा, अलास्कातला, ट्रॅक्टरही आहे. ही योजना तिथे १९८६ पर्यंत चालू होती, हे मला इथेच कळलं. शेजारच्या संगणकांवर अमेरिकन पाहुणे पणजोबांचे अर्ज शोधत बसलेले असतात; आपल्याकडे लोक सातबारा काढायला जातात, तसाच उत्साह.

जमीन रिकामी होती, असा समज करून घेऊ नका. इथे ओटो-मिझूरिया लोक राहत. १८५४ च्या करारात त्यांची बरीचशी जमीन गेली, आणि १८८१ मध्ये उरलेल्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. केंद्रात याची माहिती आहे, घाईत चुकवू नका.

आवारातलं ओंडक्यांचं घर फ्रीमनचं नव्हे. ते १८६७ चं पामर कुटुंबाचं, दुसरीकडून आणून ठेवलेलं. चौदा बाय सोळा फुटांत दहा मुलं वाढली! फ्रीमनचं स्वतःचं घर आता उरलेलं नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे थोडी पश्चिमेला असलेली विटांची फ्रीमन शाळा, १८७२ ची. म्हाताऱ्या फ्रीमनने इथल्या शिक्षिका वर्गात बायबल वाचतात, प्रार्थना म्हणवून घेतात म्हणून तक्रार केली. शाळेच्या मंडळाने दाद दिली नाही. तो कोर्टात गेला, आणि १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. सत्तरी उलटलेला शेतकरी स्वतःच्याच नावाच्या शाळेशी भांडतो, ही गोष्ट मध्यरात्रीच्या अर्जापेक्षा मला मोठी वाटते. शाळा आतून बघायची असेल तर ती उघडी आहे का, हे केंद्रातल्या रेंजरना आधी विचारून घ्या.

पायवाटा सोप्या आहेत, पण गवत उंच वाढतं. १९३९ पासून पुन्हा रुजवलेलं हे मूळचं कुरण शंभरेक एकरांवर आहे. उन्हाळ्यात गोचिड्या असतात, म्हणून पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले, आणि परतल्यावर मुलांचे पाय तपासा. सावली फक्त ओढ्याकाठी. जुलैत गेलात तर सकाळीच चाला. दक्षिण बाजूला ओसेज ऑरेंजच्या काटेरी झाडांचं जुनं कुंपण दिसेल. तारा येण्याआधी शेतकरी असंच कुंपण करत. हिरवी, खडबडीत फळं पडलेली असतात, खायची नाहीत.

डॅनियल आणि ॲग्नेस याच जमिनीवर पुरलेले आहेत. तो ३० डिसेंबर १९०८ ला गेला, ती १९३१ मध्ये. कबरी आवाराच्या पूर्वेकडे आहेत, तेव्हा नकाशा घेऊन निघा आणि एकूण तीन तास हाताशी ठेवा. जेवणाचं बिॲट्रिसमध्येच उरकून घ्या किंवा डबा न्या.