गेलिदोन्या दीपगृह ते अद्रासान: पाणी कराओझलाच भरून घ्या

तुर्कस्तानातल्या लिशियन वे या पायवाटेवर आम्ही कराओझ गावाहून गेलिदोन्या दीपगृहावरून अद्रासानला चालत गेलो. ‘दीपगृहापाशी पाणी मिळतं’ असं आम्हाला जवळच्या कुमलुजा शहरात एकाने सांगितलं आणि कराओझमध्ये दुसऱ्याने. तिथे पिण्याजोगं पाणी मिळालं नाही, आणि पुढे अद्रासानपर्यंतही एक थेंब दिसला नाही. म्हणून आधी तेच सांगते: माणशी चार लिटर पाणी कराओझलाच भरा, एप्रिलात जात असलात तरी. कुणी काहीही सांगो.

लिशियन वे ही तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरची सुमारे ५४० किलोमीटरची वाट, फेतियेपासून अंताल्याजवळपर्यंत जाणारी. ती १९९९ साली खुली झाली. आम्ही तिचे काही तुकडेच केले. बाकीचे सोपे होते, गावात चहा-जेवण मिळत होतं, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हा तुकडा मात्र वेगळा आहे.

कराओझहून आधी समुद्राच्या कडेने कच्चा रस्ता, मग पाइनच्या जंगलातून चढ. हा तुर्की लाल पाइन. याची काही शंकूफळं वर्षानुवर्षं घट्ट मिटून झाडावरच राहतात आणि वणव्याच्या आचेने उघडतात, त्यामुळे जळलेल्या उतारावर पुन्हा याचीच रोपं उगवतात. याच झाडांवर पांढऱ्या कोषांची जाळी दिसली तर खाली बसायला जागा शोधू नका. हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत त्यातले सुरवंट रांगेने खाली उतरतात, प्रत्येकाचं डोकं पुढच्याच्या शेपटीला चिकटलेलं. त्यांचे केस अंगाला लागले की भयंकर आग होते. फोटोसाठी काडीनेही हलवू नका.

दीपगृह समुद्रसपाटीपासून २२७ मीटरवर आहे. समोर बेटांची ओळ दिसते. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात, आणि पाणी कमी असेल तर तुम्हीही फिरा.

खरा त्रास पुढे. वाट कड्यावरून जाते, चुनखडीचे दगड धारदार आहेत आणि दोन्ही बाजूंनी माकी, म्हणजे भूमध्य किनाऱ्यावरचं झुडपी रान, अंगावर येतं. केर्मेस ओकचं पान जेमतेम नखाएवढं, जाड, कडेला काटे. कोरड्या उन्हाळ्यात पाणी टिकवायचं आणि शेळ्यांपासून वाचायचं, म्हणून तसं. त्यात काटेरी ब्रूम, हेही एक झुडूपच, पिवळ्याधमक फुलांनी वाट बुजवून टाकतं. हाफ पँट घालून येऊ नका. करवंदीच्या जाळीतून घुसायची सवय असलेल्या सह्याद्रीतल्या ट्रेकरांनाही हेच सांगते. माझ्या पोटऱ्यांवरचे ओरखडे अद्रासानला पोहोचल्यावर मिठाच्या पाण्यात चांगलेच झोंबले. वाट दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या पट्ट्या झुडपात दडतात. पट्टी बराच वेळ दिसली नाही तर मागे फिरून शेवटची शोधा.

तरीही या रानासाठी मी पुन्हा जाईन. अँड्रॅक्नी नावाचं स्ट्रॉबेरी ट्रीचं भावंड इथे आहे. त्याची लालबुंद साल कागदासारखी सोलून निघते, आतलं खोड हिरवट आणि गुळगुळीत. भर दुपारी हात लावला तर गार लागतं. सिस्टस या झुडपाच्या फुलाची पाकळी चुरगळलेल्या रेशमासारखी दिसते. दगडांच्या फटीत रुंद पानांचे मोठाले कांदे दिसतात, तो आपल्या कोळकांद्याचा सख्खा भाऊबंद. त्याची फुलं मात्र शरद ऋतूत, पानं वाळून गेल्यावर येतात. वाटेत एक कासव ब्रूमची गळालेली फुलं शांतपणे खात होतं. आमच्या बुटांची चाहूल लागली तसा फुस्स आवाज करून डोकं आत घेतलं. ते उचलू नका, वळसा घालून जा. अगामा नावाचा सरडा दगडावर बसून डोकं वरखाली करत तुम्हाला दम देतो, तोही निरुपद्रवी. ऑर्किड दिसले तर उपटू नका. त्यांच्या कंदांपासून सालेप, म्हणजे तिथलं गरम पेय, बनवायला लोक ते खणून नेतात आणि त्यामुळे ते कमी होत चालले आहेत.

आता टॅक्सी. कुमलुजाहून आम्हाला कराओझला सोडणाऱ्याने उतरताना ठरलेल्याच्या दुप्पट पैसे मागितले, ‘कच्चा रस्ता’ म्हणून. कच्चा रस्ता कराओझच्या पुढे सुरू होतो, गावापर्यंत नाही! डोलमुश, म्हणजे तिथली शेअर मिनीबस, मिळाली तर तीच घ्या. टॅक्सीच करावी लागली तर एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या.

मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत किंवा ऑक्टोबरात जा. जुलै-ऑगस्टमध्ये हा तुकडा अजिबात करू नका. पहाटेच निघा, कारण दुपारनंतर कड्यावर सावली नाही आणि थकलेल्या पायांनी त्या धारदार दगडांवर चालणं धोक्याचं आहे. अद्रासानच्या पुढे चिरालीला उन्हाळ्यात मुक्काम असेल तर रात्री किनाऱ्यावर टॉर्च लावू नका. तिथे लॉगरहेड ही समुद्री कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवलेले असतात, त्यांच्या आसपास छत्र्याही रोवू नका.