जी शार्पची फट

“काम उत्तम झालंय,” ते म्हणाले, “पण माझा आवाज गेला.”

काउंटरपलीकडे उभे असलेले गृहस्थ सत्तरीपुढचे, जन्मभर टेनर सॅक्सोफोन वाजवलेले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मी लंडनमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये फुंकवाद्यांची दुरुस्ती करते. त्यांचा सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स सॅक्सोफोन आमच्याकडे आला होता तो केवळ मानेचा सांधा ढिला झाला म्हणून. उघडून पाहिला तर पॅड जुने, कडक झालेले. फोन करून विचारलं, सगळेच बदलू का? ते “कर” म्हणाले. चार दिवस खपून मी सगळे बदलले.

सॅक्सोफोनच्या प्रत्येक भोकावर एक झाकण असतं, झाकणाच्या पोटात नमद्यावर कातडं ताणून केलेला पॅड. तो लाखेने चिकटवतात. झाकण तापवायचं, लाख मऊ झाली की पॅड हव्या त्या कोनात बसवायचा. मग खोलीत अंधार करून नळीत दिवा सोडायचा. पॅडखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसली तर तिथून हवा निसटते. मी अख्खी नळी तपासली, एकही रेघ दिसली नाही. इतकं घट्ट बसलेलं वाद्य माझ्या हातून क्वचितच गेलं असेल.

त्यांनी तळातला बी हा स्वर वाजवला. भरदार, गोल, एकसंध सूर.

“हा सूर कुणीही वाजवेल,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण चेहरा उतरला होता. मग त्यांनी पिशवीतून तीन सीडी काढल्या. त्यांच्या त्रिकुटाच्या: सॅक्सोफोन, गजानेही वाजणारा डबल बास आणि ड्रम. एका कागदावर त्यांतली कितव्या मिनिटाला काय ऐकायचं ते लिहिलं, शेजारी दुसऱ्यांच्या चार रेकॉर्डची नावं लिहिली आणि म्हणाले, “आधी हे चार ऐक, मग माझं. मी चहा पिऊन येतो.”

त्या दिवशी मी बाकी कामं बाजूला सारली. इंग्लंडमधल्या न्यूअर्कला दुरुस्ती शिकले ती शाळांची वाद्यं, ऑर्केस्ट्राची वाद्यं समोर ठेवून. आधी न ठरवता, चाल नाही, ठेका नाही, असं केवळ एकमेकांना ऐकत वाजवायचं संगीत लंडनमध्ये साठ वर्षं चालू आहे हे मला माहीत होतं. मात्र त्याच्या जवळ कधी गेले नव्हते.

यादीतली पहिली रेकॉर्ड ‘कार्योबिन’, फेब्रुवारी 1968 मध्ये ऑलिम्पिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली. ड्रमवर जॉन स्टीव्हन्स, ट्रम्पेटवर केनी व्हीलर, गिटारवर डेरेक बेली, बासवर डेव्ह हॉलंड आणि सॅक्सोफोनवर तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा इव्हान पार्कर. कार्योबिन म्हणजे स्वर्गातले काल्पनिक पक्षी. शब्द जपानी वाटतो, पण तो मुळात आपला संस्कृत कलविंक. बौद्ध ग्रंथांबरोबर चीन-जपानपर्यंत गेलेला हा पक्षी असा लंडनमध्ये भेटावा याचं मला फार अप्रूप वाटलं. आणि वादनही खरंच पहाटेच्या झाडासारखं. कुणी एकजण गातोय असं नाही, सगळ्यांची किलबिल मिळून एक गोष्ट. स्टीव्हन्स आपल्या साथीदारांना सांगत असे की दुसऱ्याचं वाजणं ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने वाजवताय, आणि तुम्ही जे वाजवताय त्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल तर गटात कशाला बसायचं? पाच जण इतक्या हलक्या हाताने वाजवतात की सॅक्सोफोनच्या झाकणांची टकटकसुद्धा संगीतात जमा होते.

दुसरी ‘टोपोग्राफी ऑफ द लंग्ज’, 1970 सालची. पार्कर, बेली आणि डच ड्रमर हान बेनिंक. बेली, पार्कर आणि टोनी ऑक्सली यांनी इंकस नावाची स्वतःची कंपनी काढली, तिची ही पहिली रेकॉर्ड. इथे किलबिल नाही, इथे घासाघीस. पत्रे कापावेत तसा सॅक्सोफोन. पुढे 1972 ची पार्कर आणि पॉल लिटन या दोघांची रेकॉर्ड. तिच्या नावातच ‘टू मायक्रोफोन्स’ असे शब्द आहेत. शेवटची 1996 ची, व्होर्टेक्स क्लबमधली. पार्कर आणि लिटनसोबत बासवर बॅरी गाय. पार्कर श्वास न तोडता एकट्याने सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो त्याने लोक थक्क होतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र हे तिघांचं वाजणं जास्त जवळचं वाटलं. बासच्या तारेवर गज कचकन ओढला की सॅक्सोफोनचा सूर फाटतो, आणि तो फाटला की ड्रमवाला त्या फटीत काहीतरी ठेवतो. कुणी कुणाची साथ करत नाही, तरी कुणी एकटा पडत नाही.

मग त्यांच्या सीडी लावल्या. पहिलीत अकराव्या मिनिटाला टेनर तळाच्या बीवर येतो आणि सूर दुभंगतो. खाली गुरगुर, वर शिट्टीसारखा एक बारीक सूर. क्षणभर दोन्ही थरथरतात, मग बासचा गज नेमका त्या वरच्या बारीक सुरावर येऊन टेकतो. मी मागे नेऊन चार वेळा ऐकलं. दुसऱ्या सीडीत तेच. तिसरीत गज आधी आला आणि सॅक्सोफोन त्याला शोधत तळाशी उतरला. तीन सीडींत अशा नऊ जागा मी कागदावर उतरवल्या.

कारण लगेच ध्यानात आलं. जी शार्प या स्वराचं झाकण दोन स्प्रिंगांच्या ओढाताणीत मिटलेलं असतं. एक कमजोर स्प्रिंग त्याला उघडू पाहते, बोटाच्या पट्टीची जोरदार स्प्रिंग त्याला दाबून धरते. त्या दाबात कमी पडलं किंवा पॅड एका कडेने झिजला की नळीच्या मध्यावर केसभर फट राहते आणि तळाचे सूर गुरगुरायला लागतात. दुरुस्तीच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा दोष आहे तो. त्यांच्या वाद्यातला हा दोष वीस वर्षं तसाच राहिला होता आणि त्या फटीवर तिघांनी मिळून घर बांधलं होतं. मी ती बुजवली तेव्हा बासवालीची एक जागा गेली, ड्रमवाल्याचीही गेली.

गिऱ्हाईक वाद्य घेऊन जाईपर्यंत जुने पॅड मी पाकिटात ठेवते. जी शार्पचा जुना पॅड काढला. कातड्यावर भोकाच्या कडेचं वर्तुळ खोल उमटलेलं, एका बाजूला काळपट आणि टणक. नवा उतरवून, लाख तापवून तो परत बसवला. ते आले, त्यांनी वाजवलं. सूर थोडा हलला, दुभंगला नाही. झाकणाचा कोन मी सरळ केला होता, तो पूर्वीचा राहिला नव्हता.

“जवळ आलोय का?” मी विचारलं.

“मला नाही सांगता येणार. मी आतून ऐकतो. तिला कळेल.”

त्यांनी फोन लावला. बासवाली लंडनच्याच डाल्स्टन भागात तालमीला होती. साडेसहाला टॅक्सीतून बास घेऊनच आली. साठीची बाई, ओला रेनकोट, माझ्याशी दोन शब्दही न बोलता स्टुलावर बसली आणि गज काढला.

मी पट्टीची स्प्रिंग किंचित सैल केली. त्यांनी बी फुंकला, तिने गज ठेवला, मान हलवली. अजून सैल केली. आता तळ पार कोसळला, सूरच निघेना. परत थोडी ताणली. मान हलली. असं अकरा-बारा वेळा.

मला मिरज आठवत होती. माझं लहानपण सतारमेकर गल्लीशेजारी गेलं. एका चाचांच्या दुकानात शाळा सुटल्यावर मी बसून राहायची. चाचा तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीवर कानस दोन हात फिरवायची, तार लावायची, ऐकायचं, परत उतरवायची. शेवटी तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे. तार घोडीला अलगद घासली पाहिजे, तरच तंबोरा बोलतो. अगदी स्वच्छ तार मुकी. आणि ज्या गवयाचा तंबोरा, तो समोर बसलेला असायचा. चाचा कानसेकडे बघायचे नाहीत, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

मीही स्प्रिंगवरची नजर काढून तिच्या चेहऱ्याकडे पाहायला लागले. चिमट्याने स्प्रिंग नेमकी किती वाकवली ते मला आज सांगता येणार नाही. त्यांनी फुंकलं. खाली गुरगुर उठली, वर बारीक शिट्टी, आणि गज आला. ती मान हलवायची थांबली. दोघंही थांबले नाहीत. माझी अवजारं पसरलेल्या त्या खोलीत, पावसाचं पाणी टिपकणाऱ्या रेनकोटाशेजारी ते वीस मिनिटं वाजवत होते. मी दिवाही विझवायला उठले नाही.

जाताना तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “थँक यू, आमचा चौथा परत दिलास.”

त्या रात्री मी वाद्याच्या कार्डावर लिहिलं: जी शार्प गळतो, दुरुस्त करू नये. खाली तारीख आणि सही.

आठ महिन्यांनी पोस्टाने त्यांची नवी सीडी आली. बाकावर बसून हेडफोन लावून ऐकली. पॅड या आठ महिन्यांत आणखी दबला असावा, कारण वरचा सूर आता मला आठवतो त्याहून थोडा उतरलेला आहे, थोडा खरखरीत. एका ठिकाणी तो येतो आणि गज लगेच येत नाही. बास थांबते, चांगले तीन-चार सेकंद. ड्रमवाला झांजेच्या कडेवर काडी घासत राहतो. मग गज येतो, पण त्या सुरावर नाही, त्याच्या जरासा खाली.