घळीतला म्हातारा नर

सफरचंदाच्या कोवळ्या झाडावर हरणाने शिंगं घासली आणि खोडाची साल पूर्ण कडं करून सोलली गेली, तर ते झाड गेलंच म्हणून समजायचं. पानांत तयार होणारं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीतूनच. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या क्रॉफर्ड काउंटीत गेज मिल्स गावाच्या वर डोंगरधारेवर सफरचंदाच्या बागा आहेत. त्यातल्या एका बागेत मी काम करतो. त्या ऑक्टोबरात दोन रात्रींत आमची अकरा रोपं अशी गेली.

मनगटाएवढ्या रोपावर व्हाइटटेल या इथल्या हरणाचा कोणताही नर शिंगं घासतो. पण बागेखालच्या घळीच्या तोंडाशी मांडीएवढ्या जाडीचं एक अ‍ॅस्पेन आहे, त्याच्यावर ताजी सोललेली जागा होती आणि तिच्याखाली भरून आलेले जुने व्रण. एवढ्या जाड खोडाला सहसा मोठा नरच भिडतो, आणि तोही वर्षानुवर्षं त्याच खोडाकडे परततो. रानात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात तो अकरा वेळा आला, सगळ्या वेळा रात्री. उजेडातला एकही फोटो नाही.

भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे पुढचं काही वाचकांना परकं वाटेल. इथे हरणांची संख्या आटोक्यात राहते ती मुख्यतः परवानाधारक शिकाऱ्यांमुळे. बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधी सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्याचा हंगाम चालू असतो, आणि धनुष्याच्या परवान्यावर एक नर मारता येतो. असा नर बंदुकांचे आवाज सुरू झाले की गचपणातून हलतच नाही. म्हणून जे काही करायचं ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, माजाच्या दिवसांत, धनुष्याने.

ही घळ म्हणजे खरं गचपण. निम्मं मल्टिफ्लोरा गुलाबाचं. ही पूर्व आशियातली जात, १९३० च्या दशकात सरकारी मृद्संधारण खात्यानेच जिवंत कुंपण म्हणून शेतकऱ्यांना लावायला सांगितली आणि आता ती कुणालाच आवरत नाही. बाकीचं निम्मं प्रिकली अ‍ॅशचं. कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातलं हे झुडूप: खोडावर तसेच काटे, आणि साल चोळली की तसाच लिंबासारखा तिखट वास. बाही अडकून एखादी फांदी सोलली गेली की तो वास हातभर पसरतो. आपल्याला तो आवडतो. पण अंगाचा वास आणि मोडलेल्या फांदीचा वास एकत्र आला, की कुणीतरी इथून घुसलंय हे हरणाला कळतं.

घळीत मी फेब्रुवारीत एकदाच आत गेलो होतो. तेव्हा पानं नसतात, शिंगं गळलेली किंवा गळायला आलेली असतात, आणि हरणाला बिथरवलं तरी नोव्हेंबरपर्यंत ते विसरलं जातं. डोंगराच्या सोंडेच्या आग्नेय उतारावर, वरच्या तिसऱ्या भागात त्याची बसायची जागा सापडली. चार फुटांच्या आसपास लांब, लंबगोल, एकटीच. माद्या आणि पिल्लं बसतात तिथे लहानमोठ्या तीन-चार जागा एकत्र दिसतात. या जागेवर बसून पाहिलं तेव्हा सगळं लक्षात आलं. वायव्येचा वारा धारेवरून पाठीमागून येतो, म्हणजे मागचं सगळं नाकाला कळतं. समोरचा उतार डोळ्यांखाली. आणि ऊन चढलं की दरीतली हवा तापून वर येते, म्हणजे खालचंही नाकाला. या जागेवर चालून जाणं निव्वळ वेडेपणा.

वाट त्याच्या येण्यावर बघायची होती. रात्रभर बागेत आणि माद्यांच्या मागे फिरून तो पहाटे उताराला आडवा येतो, बसायच्या जागेच्या वाऱ्याखालून, म्हणजे तिथे कुणी आहे का हे आधी हुंगून. त्याच्या वाटेच्या खालच्या बाजूला एक ओक होता. ओकची वाळलेली पानं नोव्हेंबरातही झाडावर टिकतात, त्यामुळे माणसाची आकृती फुटते. ओकच्या खाली पावसाने कापलेला दहा फुटांचा खोल चर आहे, त्यातून हरणं चालत नाहीत. वायव्येचा वारा माझा वास त्या चरावरून दरीत नेणार, आणि तो माझ्या वरच्या अंगाने जाणार. मात्र ऊन उतारावर पडून हवा उलटेपर्यंतच. माझ्या हिशेबाने साडेआठ.

मचाण बावीस फुटांवर बांधलं. सपाट जमिनीवर एवढी उंची जास्त होते: बाण फार तिरका उतरतो आणि एकच फुप्फुस सापडतं. पण उताराच्या खालच्या अंगाला बांधलेलं बावीस फुटांचं मचाण वाटेवरच्या हरणाच्या नजरेपेक्षा जेमतेम दहा-बारा फूट वर असतं. सुरक्षा-पट्टा जमिनीवरूनच दोराला अडकवायचा; पडण्याचे प्रकार मुख्यतः चढता-उतरताना होतात. बाणासाठी फेब्रुवारीतच दोन फटी कापल्या, प्रत्येकी दोन फूट रुंद. जास्त कापलं असतं तर त्याने वाट बदलली असती. फट कापताना बाणाची कमान विसरू नये. नजरेच्या रेषेत काहीच आडवं नसतं, पण बाण त्या रेषेच्या खालून सुटून वर चढतो आणि मग उतरतो. पेन्सिलीएवढी डहाळी त्याला फूटभर भरकटवते.

नोव्हेंबरात थंडीची लाट येऊन गेली आणि वारा वायव्येला स्थिरावला. त्याआधीचे नऊ दिवस वारा चुकीचा होता, म्हणून मी घळीकडे फिरकलोही नव्हतो. अशा जागी पहिली बैठकच सगळ्यात मोलाची. आपण उतरून गेल्यावर मागे राहिलेला वास त्याने एकदा घेतला की तो उजेडात यायचा बंद होतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

पावणेपाचला ओढ्याच्या पाण्यातून चालत वर आलो. पाण्यात वास टिकत नाही आणि पानं वाजत नाहीत. सूर्योदय पावणेसातचा. कपडे चमक वाढवणाऱ्या साबणात धुतलेले नव्हते. हरणाला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, पण निळं आणि अतिनील आपल्यापेक्षा चांगलं दिसतं.

सात वीसला तो आला. आधी फक्त गुलाबाच्या जाळीतून सरकणारी पाठीची आडवी रेषा. झाडं उभी असतात, त्यामुळे रानात आडवी रेषा दिसली की थांबावं. मग मान, छातीइतकीच जाड, आणि पोटाची खाली झुकलेली ओळ. वय शिंगांपेक्षा अंगावरून कळतं. डोकं बुंध्याआड गेलं तेव्हा मी दोरी ओढली. साठ पाउंडांचं कंपाउंड धनुष्य, साडेचारशे ग्रेनचा बाण, फटीपर्यंत सतरा यार्ड. तो फटीत येऊन थांबला, किंचित पलीकडे तिरका. मी सोडला.

त्याच क्षणी त्याने पाय पुढे टाकला.

सेकंदाला दोनशे सत्तर फुटांच्या वेगाने सतरा यार्ड जायला बाणाला जवळपास दोन दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात सावकाश चालणारं हरीणही पाच-सहा इंच सहज सरकतं. खांद्यामागे जिथे लागायचा होता त्याच्या मागे लागला. छातीत खालून लागला असता तर तो मागचे पाय झाडत उधळला असता. याने पाठ कमानीसारखी वाकवली, शेपूट दाबली आणि दुडक्या चालीने गचपणात शिरला. शेवटचा दिसला ती जागा मी होकायंत्रावर नोंदवली: वाळलेला बर्च, उजवीकडचा. घड्याळात सात चोवीस.

अर्धा तास वर बसून मग उतरलो. बाण पानांत रुतला होता. पिसांवर गर्द, जवळजवळ काळपट लाल रक्त. फेस नाही. फुप्फुसाचं रक्त गुलाबी असतं, त्यात बुडबुडे असतात. हिरवट घाण नाही, आंबूस वास नाही, म्हणजे आतडं नाही. यकृत. फुप्फुसाला अर्धा तास पुरतो, यकृताला चार ते सहा तास, आतड्याला आठ ते बारा. बर्चच्या दिशेने एक पाऊलही न टाकता, आलो तसा ओढ्यातून परत गेलो.

अकराला पाऊस येणार होता. खरा पेच इथेच असतो. रक्त धुऊन जाईल म्हणून लगेच आत घुसावंसं वाटतं, बागेतले सगळे तेच म्हणत होते. पण यकृतात लागलेलं हरीण, मागे कुणी नसेल तर, पहिल्या दाट जागी बसतं आणि तिथेच जातं. उठवलं तर ते पुन्हा शेकडो यार्ड निघतं, बहुतेकदा रक्त न सांडता, आणि मग ते सापडत नाही. ते कुठेतरी रात्रभर तडफडत पडावं, यापेक्षा पाऊस परवडला. पाच अंश तापमानात मांसही पाच तासांत बिघडत नाही. शेजारच्या गावात माग काढणारा कुत्रा असलेले गृहस्थ आहेत, त्यांना फोन केला. विस्कॉन्सिनमध्ये पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढता येतो.

साडेबाराला पावसातच निघालो. कुत्रा राठ केसांचा डॅक्सहुंड, तीस फुटांच्या पट्ट्यावर. रक्त एकही थेंब उरलेलं नव्हतं. पण हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात, आणि प्रत्येक हरणाचा वास वेगळा. जखमी जनावराचा तो वास कुत्रा पावसातही धरतो. बर्चपाशी त्याने माग सोडला, दोनदा गोल फिरला. मालक पट्टा न ओढता उभे राहिले. माणसाने इथे घाई केली की कुत्रा माणसाचं ऐकायला लागतो आणि नाक सोडतो. तिसऱ्या फेरीत तो थेट खाली वळला, आम्हाला वाटलं होतं त्याच्या उलट दिशेला, गुलाबाच्या जाळीखाली पोटावर सरपटत.

दोनशे यार्डांवर तो नर होता. पाय पोटाखाली घेतलेले, तोंड आपल्याच वाटेकडे. अंग ताठरलेलं, त्याच्याखालची पानं कोरडी. म्हणजे पावसाआधीच तो इथे बसला होता आणि पुन्हा उठला नव्हता. खालचा जबडा उघडून पाहिला: दाढांवरचा पांढरा कड झिजून पातळ झालेला, मधला तपकिरी भाग त्याहून रुंद. सहा वर्षांच्या वरचा.

पोट फाडताना यकृताच्या जखमेमुळे सगळं रक्ताने भरलेलं होतं, ते स्वच्छ थंड पाण्याने धुऊन लगेच पुसून काढलं. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. ती त्याच दिवशी ऑनलाइन केली. डोकं राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या पेटीत ठेवलं, कारण २००२ पासून या राज्यात हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा प्राणघातक रोग आढळतो आणि त्याची तपासणी घशामागच्या लसिकाग्रंथींवर होते. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, तारीख घालून गोठवून ठेवलं. निकाल रोग न आढळल्याचा आला.

घळ मात्र रिकामी राहणार नाही. एवढ्या चांगल्या जागेवर पुढच्या हंगामात दुसरा नर येईल. म्हणून उरलेल्या सगळ्या रोपांना डिसेंबरात चार फूट उंच जाळीची नळी लावली, खोडापासून तीन इंच सोडून, आणि खाली लोखंडी खुंटीला बांधून.