शाकाहारी सासूबाई आणि बोलोन्यातली जेवणं

बोलोन्या हे इटलीतलं खवय्यांचं गाव आणि तिथलं खाणं मुख्यतः डुकराभोवती फिरतं. मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज) इथलाच, खिम्याचा रागू इथलाच, तोर्तेल्लिनीच्या पोटात सारण म्हणून भरतात तेही मांसच. इटालियन लोक स्वतःच या शहराला 'लठ्ठ' म्हणतात. अशा गावात आम्ही भाचीकडे राहायला गेलो ते माझ्या पक्क्या शाकाहारी सासूबाईंना घेऊन. त्यांचं अंड्याचं धोरण असं की केकमधलं चालतं, ताटातलं नाही. घरचं एखादं मोठं माणूस बरोबर असेल आणि असंच काही गणित जमवायचं असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

भाची पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते. बोलोन्याच्या आसपास असे कारखाने पुष्कळ आहेत. जावई तिथलाच. दोघंही सकाळी बाहेर पडतात ते संध्याकाळी परत येतात. अशा घरी पाहुणे गेले की यजमानीण दमून येऊन पुन्हा ओट्यापाशी उभी राहते, आणि आपण "काही करू नकोस गं" म्हणत बसून राहतो. माझं मत स्पष्ट आहे: दुपारचं जेवण बाहेरच घ्या. साध्या ठिकाणी ते परवडतं, आणि संध्याकाळी भाचीला फक्त वरणभात लावावा लागतो.

मात्र घड्याळ सांभाळा. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर, एवढाच वेळ बहुतेक त्रात्तोरियांची, म्हणजे साध्या घरगुती खानावळींची, स्वयंपाकघरं चालू असतात. तीन वाजता भूक लागली तर शटर खाली ओढलेलं दिसतं. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी गंमतीचा नव्हता. मधल्या वेळेचा आधार म्हणजे फोर्नो, म्हणजे पाव भाजणारं दुकान. तिथे फोकाच्चा किंवा चौकोनी पिझ्झाचा तुकडा वजनावर मिळतो, टोमॅटोचा घेतला की काम झालं. दुसरा आधार म्हणजे बार. इटलीत बार म्हणजे दारूचा गुत्ता नाही. सकाळी कॉफी आणि क्रुवासाँसारखा ब्रिओश, दुपारी सँडविच, संध्याकाळी स्प्रित्झ नावाचं वाईनचं पेय, असं सगळं एकाच काउंटरवर मिळतं. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली तर सव्वा-दीड युरो पडते, तीच चौकातल्या खुर्चीवर बसून प्यायली तर बरीच महाग. दराचा तक्ता लावलेला असतो, बसण्याआधी त्यावर नजर टाका. स्टेशनवर किंवा गर्दीच्या बारमध्ये आधी कास्सावर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरायचे आणि ती पावती काउंटरवर दाखवायची, हे आपल्याला जमतंच.

आता दुपारच्या जेवणाचं. ऑफिसवाल्यांची गर्दी असलेल्या भागात दाराबाहेर फळ्यावर खडूने दिवसाचा मेनू लिहिलेला असतो. एक पास्ता, एक मांसाचा किंवा माशाचा पदार्थ, एक भाजी, पाणी आणि कॉफी मिळून साधारण बारा ते पंधरा युरो. शाकाहारी माणसाने मधला पदार्थ गाळून पास्ता आणि भाजी एवढंच मागावं, बहुतेक जण तेवढ्याचेच पैसे लावतात. एरवीच्या मेनूकार्डावर आन्तिपास्तो (सुरुवातीचं खाणं), प्रिमो (पास्ता वगैरे), सेकोन्दो (मांस-मासे), कोन्तोर्नो (भाजी), दोल्चे (गोड) अशी लांबलचक पंगत दिसते. ती सगळी मागवायची सक्ती कुणावरच नसते. आम्ही बहुतेकदा एक प्रिमो आणि दोन कोन्तोर्नी घ्यायचो. कोन्तोर्नी म्हणजे शाकाहाऱ्याचा खरा तारणहार: भट्टीत भाजलेले बटाटे, लसूण परतलेला पालक, जाळीवर भाजलेली वांगी आणि झुकिनी, उकडलेली चवळीसारखी बीन्स ऑलिव्ह तेल घालून. पाव टेबलावर येतोच.

खरी परीक्षा प्रिमोमध्ये. बोलोन्यात हिरव्या रंगाचा लाझान्या मिळतो. पिठात पालक असतो म्हणून हिरवा, पण थरांमध्ये खिमाच. नाव आणि रंग पाहून भले भले फसतील. तोर्तेल्लिनी लहान आणि मांसाचे, तोर्तेल्लोनी मोठे आणि रिकोत्ता चीजचे, तेव्हा शेवटचं 'लोनी' नीट ऐकून घ्या. तोर्तेल्लोनी लोणी आणि साल्व्हियाच्या (इंग्रजीत सेज) सुगंधी पानांत परतून मागवा. शरदात गेलात तर पोर्चिनी अळंब्यांचा ताल्यातेल्ले, म्हणजे लांब चपट्या पट्ट्यांचा पास्ता. पास्सातेल्ली दिसायला निरुपद्रवी शेवया, पण त्या बहुधा मांसाच्या रश्श्यात येतात. फ्रिज्जोने नावाचा कांदा-टोमॅटोचा आटवलेला प्रकार वासानेच आपल्याला घरची आठवण देतो, पण जुन्या पद्धतीने तो डुकराच्या चरबीत करतात. पिठाच्या तळलेल्या क्रेशेन्तिने आणि तव्यावर भाजलेली पोळी पियादिना यांचंही तेच. हल्ली तेलातलेही मिळतात, म्हणून विचारायचं: "चे स्त्रुत्तो?" म्हणजे चरबी आहे का. "सोनो वेजेतारियाना" (पुरुषाने "वेजेतारियानो") एवढं म्हणून भागत नाही, कारण हॅमचे चार तुकडे म्हणजे मांस, असं स्वयंपाक्याला वाटेलच याची खात्री नाही. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा प्रोशुत्तो, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने" (मांस नको, हॅम नको, मांसाचा रस्सा नको) हे एका दमात म्हणा.

अंड्याचं असं की ताज्या पास्त्याचं पीठ अंड्यानेच मळतात, शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं हा घरोघरचा हिशेब. अंडं अजिबात नको असेल तर सुक्या पास्त्याकडे वळा: स्पागेत्ती टोमॅटोमध्ये, पेन्ने आर्राब्याता (हे तिखट असतं, आपल्या मापाने फोडणीचंसुद्धा नाही). पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, बनतं आणि पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटीन असतं, ही माहिती बरोबरच्या मोठ्यांना द्यायची की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. आम्ही सांगितली. सासूबाईंनी किसलेलं चीज बंद केलं आणि ताज्या पास्त्याला केकच्या खात्यात टाकलं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी "पास्ता इन ब्यान्को" मागावा, नुसत्या तेलातला किंवा लोण्यातला. सपक, पण पोटभर. टोमॅटोच्या सॉसचा पाया बहुधा कांदाच असतो.

ताज्या पास्त्याला सासूबाईंनी माफी दिली त्याचं कारण जुन्या बाजारगल्ल्यांमध्ये, क्वाद्रिलातेरोत, एका दुकानाच्या काचेमागे उभं होतं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई हातभर लांबीच्याही वर जाणाऱ्या लाटण्याने पिवळीधमक पारी लाटत होती. पारी पोळपाटावरून खाली लोंबायला लागली की पोटाने कडेला दाबून धरायची आणि पुढचा भाग लाटायचा. पिठी जवळपास नाहीच. मग चौकोन कापले, मध्ये रिकोत्ताचा गोळा, त्रिकोणी घडी आणि दोन टोकं बोटाभोवती गुंडाळून चिकटवली. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "करंजीला मुरड घालता येत नाही हिला, पण लाटते चांगली." संध्याकाळी भाचीने तेच तोर्तेल्लोनी किलोच्या भावाने आणले, ते त्यांनी न विचारता खाल्ले.

जावयाला या विषयात भयंकर अभिमान. ताल्यातेल्लेची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर, हे 1972 साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेलं आहे, आणि नमुना म्हणून सोन्याची एक पट्टी तिथे ठेवलेली आहे. वर आणखी हिशेब: ही रुंदी म्हणजे बोलोन्यातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. इतका काटेकोरपणा पाहून आमच्या ह्यांना आपल्या पुण्याची आठवण झाली. रागूची कृतीही तिथेच 1982 साली नोंदवली आणि 2023 मध्ये सुधारून पुन्हा. हे रोज तोच खात होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती. फक्त स्पागेत्तीबरोबर तो मागू नका, बोलोन्यात रागूची जोडी ताल्यातेल्लेशी.

पिझ्झाचं सांगायचं तर माणशी एक, अख्खा, न कापलेला येतो. काट्या-चमच्याची नव्हे, काट्या-सुरीची तयारी ठेवा. मारिनारावर चीज नसतंच, म्हणजे रेनेटचा प्रश्न मिटला. आपल्या जिभेसाठी "ओल्यो पिक्कान्ते" मागा, मिरचीचं तेल, पिझ्झेरियात हमखास असतं. उरलेला पिझ्झा खोक्यात घालून देतात, लाजू नका. पाणी बाटलीचंच येतं आणि त्याचे पैसे लागतात. साधं हवं तर "नातुराले" म्हणा, नाहीतर सोडा येईल.

सासूबाईंची आवडती जागा मात्र निघाली दारूची. क्वाद्रिलातेरोतच रानोक्की गल्लीत ओस्तेरिया देल सोले आहे, 1465 पासूनची म्हणतात. तिथे फक्त पेय विकतात, खाणं ज्याने त्याने बाहेरून आणायचं. लोक शेजारच्या दुकानांतून मोर्तादेल्ला, पाव, चीज कागदात बांधून आणतात आणि लांब लाकडी टेबलांवर पसरतात. आम्ही ह्यांच्यासाठी तसंच आणलं, आणि सासूबाईंनी पिशवीतून काढल्या भाचीच्या घरी केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन पेअर. नियमात बसणारी गोष्ट. शेजारच्या आजोबांनी चटणीकडे बोट दाखवलं, चिमूटभर पावाला लावून खाल्ली आणि लगेच वाईनचा घोट घेतला. आम्ही ग्लास विकत घेतले होते, त्यामुळे सासूबाईंच्या पाण्याच्या बाटलीकडे कुणी पाहिलं नाही. एरवी हॉटेलात स्वतःचा डबा उघडू नये, पण इथे बिनधास्त उघडा. टेबल मिळायला दुपारी लवकर जा.

मुख्य चौकालगत सहा भाषांतली, फोटोंची मेनूकार्डं घेऊन दारात उभे राहून बोलावणारी ठिकाणं आहेत. एका ठिकाणी आम्ही बसलो. पास्ता मधोमध गार आणि बिल भरघोस. पोर्तिकोखालून पाच मिनिटं पुढे चाला. बोलोन्यातल्या या कमानींखालून, ज्यांना 2021 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, पावसातही कोरडं चालता येतं. त्यामुळे दूरचं ठिकाण शोधायला सबब उरत नाही. मेनूत पदार्थापुढे चांदणी दिसली तर तो गोठवलेल्या मालाचा, आणि मासा किंवा स्टेक 'एत्तो'च्या भावाने लिहिला असेल तर तो दर शंभर ग्रॅमचा आहे. मांसाहारी मंडळींनी ही ओळ दोनदा वाचावी.

रविवारी व्याह्यांनी शहराबाहेर टेकड्यांवरच्या त्रात्तोरियात नेलं. अशा ठिकाणी नातेवाईकांकरवी आधी फोन करून घ्यायचा. जावयाने चरबीशिवायच्या तिजेल्ले आधीच सांगून ठेवल्या होत्या. या लहान गोल भाकऱ्या गरम येतात, मधून फोडून त्यात स्त्राक्किनो चीज आणि भाज्या भरायच्या. विहीणबाई आग्रहाला आपल्याहून कमी नाहीत. सासूबाईंच्या टोपलीत तिजेल्ला संपू देत नव्हत्या, आणि एकमेकींची भाषा येत नसताना "अजून एक" आणि "नको, पुरे" हे दोघींमध्ये यथासांग पार पडलं. जेवण तीन तास चाललं. लहान मुलं बरोबर असतील तर खेळायला मैदान असलेली जागा मागून घ्या. शेवटी भाताचा केक आला, अंडी, दूध, बदामाचा. तो केकच असल्यामुळे निर्विघ्न खाल्ला गेला. जेवणानंतर कापुच्चिनो मागितला तर मिळतो, पण विहीणबाईंची भुवई वर जाते. तिथे काळी कॉफीच प्यायची रीत.

बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही. जेवण झाल्यावर वेटर फिरकत नाही म्हणून रागावू नका, उठवायला येणं त्यांच्यात असभ्यपणा समजतात. "इल कोन्तो, पेर फावोरे" म्हणा. त्यात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो असतात, पाव आणि बसण्याचे. ती लबाडी नाही, मेनूत छापलेलं असतं. टीप सक्तीची नाही, वरची चिल्लर सोडली तरी पुष्कळ. कार्ड घेण्याचं बंधन आहे आणि 2022 पासून नकार दिल्यास दंडही होतो, तरी फोर्नोत दोन युरोच्या तुकड्याला चिल्लर बरी. सोमवारी किंवा रविवारी रात्री अनेक ठिकाणं बंद, आणि ऑगस्टच्या मध्यावर, 15 तारखेच्या आसपास, अख्खं गाव समुद्रावर गेलेलं असतं. शुक्रवार-शनिवारच्या रात्रीसाठी टेबल सांगून ठेवा.

राहिला पैसे कोण देणार हा प्रश्न. व्याही कॉफी येताच "जरा हात धुऊन येतो" म्हणून उठतात आणि कास्सावर हिशेब मिटवून येतात. आपल्याला एकदा तरी द्यायचं असेल तर जेवायला बसण्याआधीच कार्ड काउंटरवर देऊन ठेवा. पण जावयाला आधी विश्वासात घ्या, कारण टेकडीवरच्या त्या त्रात्तोरियातला मालक व्याह्यांचा शाळासोबती होता आणि त्याने आमचं कार्ड हसत परत केलं.