फाईलला चालतं, फोनला नाही

आमच्या न्हाणीच्या स्लॅबवर दोन छत्र्या आहेत. लहान आहे ती टीव्हीची, डीडी फ्री डिशची. मोठी माझ्या इंटरनेटची. घर कौलारू असल्यामुळं छपरावर काही ठोकायची सोय नाही, स्लॅब काय तो एकट्या न्हाणीला.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना आत रानात आमची वाडी लागते. मोबाईलची रेंज म्हणाल तर वाडीच्या वरच्या अंगाला एक धोंडा आहे, त्यावर चढलं की एखाद-दुसरी काडी मिळते. पावसाळ्यात तो शेवाळतो, मग तेवढीही नाही. मी घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. आधी पेनड्राईव्ह खाकी पाकिटात घालून बेळगावच्या बसवाल्याकडं द्यायचा आणि दुरुस्त्यांचे कागद परतीच्या बसनं यायची वाट बघायची, असा कारभार होता. पावसात बस बंद झाली की काम बंद. शेवटी मीच हट्ट धरून उपग्रहाचं नेट घेतलं. ‘कसं आहे?’ म्हणून विचारणारे बरेच झालेत, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

छत्री बसवायला बेळगावचा मुलगा आला तो सप्टेंबरच्या अखेरीस, पावसानं जरा उघडीप दिल्यावर. मामा (म्हणजे माझे सासरे) त्याच्या मागंच उभे. टीव्हीची छत्री आग्नेयेकडं आणि ही दक्षिणेकडं, हे काही त्यांना पटेना.

“आभाळ एकच की गा. मग हिचं तोंड तिकडं आणि हिचं इकडं कसं?”

“काका, उपग्रह वेगळे हाईत की. टीव्हीचा तिकडं पूर्वेच्या अंगाला, हा आपल्या जवळजवळ डोक्यावर.”

खरंच तसंच आहे. फ्री डिश चालते जीसॅट-१५ वरून. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आमच्यापासून बराच पूर्वेला. माझं नेट जीसॅट-११ वरून येतं आणि तो ७४ अंशावर. खानापूर तालुका साधारण त्याच रेखांशावर येतो, त्यामुळं छत्री नाकासमोर दक्षिणेला आणि चांगलीच वर बघते. हा जीसॅट-११ म्हणजे इस्रोचा ५,८५४ किलोंचा धूड. आपल्या रॉकेटला तेवढं वजन पेलणारं नव्हतं, म्हणून ५ डिसेंबर २०१८ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ नं तो वर गेला. त्याआधी एकदा तो तिथं नेला होता, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा तपासायला म्हणून परत बेंगळुरूला आणला. हे सगळं मी मामांना सांगितलं, खरं त्यांना त्यातलं वजन तेवढं लक्षात राहिलं.

मूळ ठरलेली जागा अंगणात होती. तिथं फणस आडवा येत होता. पोरगा मोबाईलवरचं होकायंत्र धरून हिशेब करत बसला. मामांनी विचारलं, उपग्रह नेमका आहे कुठं? तो म्हणाला, आता या दिवसांत दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य असतो ना, जवळजवळ तिथंच. झालं! मामा दुपारी अंगणात काठी रोवून उभे. फणसाची सावली ठरलेल्या जागेवर पडते म्हणजे फणस आडवा आहे, आणि न्हाणीच्या स्लॅबवर ऊन आहे म्हणजे वाट मोकळी आहे. होकायंत्रापेक्षा हे सगळ्यांना पटलं. एक फांदी उतरवली तर अंगणातही जमलं असतं, पण मामींनी तो विषय तिथंच मिटवला. “फांदीला हात लावायचा न्हाई. तुझं नेट आज आलंय. फणस माझ्या सासूनं लावलाय.”

त्या सावलीच्या हिशेबाची दुसरी बाजू लगेच दिसली. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या अखेरीला थोडे दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागं येतो. सूर्याच्याही रेडिओ लहरी असतातच, त्या थेट छत्रीत शिरतात आणि त्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. भर दुपारी, लख्ख उन्हात, काही मिनिटं नेट गुल. त्या वेळी छत्रीकडं बघण्यासारखं असतं. पांढऱ्या पत्र्यावरून परतलेलं ऊन दांडीच्या टोकाला असलेल्या डबीच्या तोंडावर गोळा होतं आणि तेवढाच ठिपका झगझगतो. उपग्रहाचे संदेश याच डबीत गोळा होतात, हे त्या ठिपक्यावरून मला जितकं कळलं तितकं माहितीपत्रकावरून कळलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. माझ्या घरून निघालेली विनंती वर जाते, खाली कंपनीच्या केंद्रात उतरते, तिथून इंटरनेटवर जाते आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. म्हणजे चार वेळा ३६,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंसुद्धा याला जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि बाकीच्या भानगडी धरून थोडं जास्तच. जास्त पैसे भरून हा अर्धा सेकंद कमी होत नाही. विकायला येणारा माणूस वेगाबद्दल भरभरून बोलतो, याबद्दल गप्प असतो.

अर्धा सेकंद म्हणजे किती, हे लेखकाशी फोनवर दुरुस्त्या करताना कळतं. ते म्हणतात, “बारावी ओळ, वेलांटी दुसरी.” मी “हं” म्हणते. माझा “हं” पोचायच्या आत त्यांना वाटतं मला ऐकू गेलं नाही, म्हणून ते पुन्हा सुरू करतात. तोवर माझा “हं” जाऊन त्यांच्या बोलण्यावर आदळतो. मग दोघंही थांबतो, दोघंही “बोला, बोला” म्हणतो, आणि तेही एकमेकांवर आदळतं. एका वयस्कर लेखकांना तर मी तुटक बोलते असं वाटायला लागलं होतं. आता आम्ही व्हॉइस मेसेजवर आलोय. ते निवांत पानभर दुरुस्त्या सांगतात, मी ऐकत ऐकत करते. खरं सांगायचं तर हीच पद्धत बरी, आधीही हेच करायला हवं होतं.

फाईलचं मात्र काही अडत नाही. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ एकदा लावली की सरळ जाते, कारण तिथं पुन्हा पुन्हा विचारपूस नसते. उलट बँकेचं साधं पान उघडायचं तर ब्राउझर आणि बँक यांच्यात दहा वेळा ‘तू कोण, मी कोण’ होतं, आणि दर वेळी तो अर्धा सेकंद. पान दिसायला हलकं, उघडायला जड. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दूरून काम करायचं तर विचारूच नका. इथं माऊस हलवायचा आणि तिकडं बाण हलायची वाट बघायची.

बँकेवरून आठवलं. उपग्रहाचं नेट घेणाऱ्यानं आधी ओटीपीचा विचार करावा. नेट घरात आलं, खरं मोबाईलला रेंज कुठाय? पैसे पाठवायचं बटण दाबायचं, धोंड्याकडं पळायचं, मेसेज बघून परत येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली! एका सिमला वाय-फाय कॉलिंग होतं, त्यावर घरात बसून मेसेज येत होते. बँकेला दिलेलं सिम दुसरं. शेवटी शाखेत जाऊन नंबर बदलून घेतला तेव्हा सुटलो.

पाऊस. कणकुंबीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हे नेट केयू बँड नावाच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालतं आणि जोराच्या पावसात त्या लहरी वाटेतच शोषल्या जातात. तरी लोकांना वाटतं तसं चार महिने बंद वगैरे नसतं. भिजपाऊस, धुकं, दिवसभराची रिपरिप यांनी काही होत नाही. चोर्ला घाटाकडून काळं येऊन कौलांवर दणादणा सुरू झालं की आधी वेग उतरतो, मग मोडेमचा दिवा लुकलुकतो, मग सगळं शांत. सर ओसरली की आपोआप परत. त्याहून जास्त त्रास लाईटचा. मोडेम आणि छत्री मिळून एका पंख्याहून जास्त वीज घेत नाहीत, त्यामुळं साधा इन्व्हर्टर पुरतो, पण बॅटरी चार्ज व्हायला तरी लाईट यायला हवी ना. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की मी प्लग काढून मोकळी होते. मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलंय, तरी काढतेच.

बारीकसारीक गोष्टी: केबलच्या जोडात पाणी शिरतं, तिथं रबरी टेप घट्ट गुंडाळा. छत्रीसमोर कपडे वाळत घालू नका. ओली चादर नेटला पुरेशी आडवी येते, शिवाय समोरून लहरी बाहेर पडत असतात. काही साईटना मी दुसऱ्याच मोठ्या शहरात राहते असं वाटतं, कारण त्यांच्या लेखी माझं घर म्हणजे कंपनीचं ते केंद्र. महिन्याचे जीबी ठरलेले असतात. गणपतीला पुण्या-गोव्याची पाव्हणेमंडळी आली की ते आरतीआधीच संपतात. मी आता चतुर्थीच्या आदल्या दिवशी पासवर्ड बदलते, घरात सगळ्यांना माहीत आहे, कोणी रागावत नाही. वाडीतल्या माणसांना मात्र कधी नाही म्हणत नाही. कुणाला कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ साईटवरून जमिनीचा उतारा बघायचा असतो, कुणाच्या पोराचा एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल असतो. त्याला कितीसे जीबी लागतात!

हल्ली सगळ्यांचा प्रश्न एकच: स्टारलिंक (तेही उपग्रहाचंच नेट, अमेरिकन कंपनीचं) येणार म्हणे, थांबू काय? २०२५ च्या जूनमध्ये त्यांना दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, तेव्हापासून हे जास्त झालंय. त्यांचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर असतात, त्यामुळं माझी अर्ध्या सेकंदाची रड तिथं नसणार. पोरांचे ऑनलाईन क्लास किंवा दिवसभर मीटिंगा असतील तर माझ्यासारखं नेट घेऊ नका, थांबा. पण एक बघून ठेवा. माझा उपग्रह एका जागी असतो, त्याला झाडांमधून एक भोक पुरतं. ते उपग्रह आभाळभर पळत असतात, त्यांना चहूकडून मोकळं आभाळ लागतं. फणस, आंबा आणि वेळूच्या बेटात वसलेल्या घरांना ते कुठून मिळणार? माझं काम फायलींचं आहे, मी आहे ते चालू ठेवणार.

अजून काही विचारायचं असेल तर फोन नको. व्हॉइस मेसेज टाका.